शिष्यवृत्तीचं इंग्रजी : आम्ही अडलो ते इन-ऑन-ॲटपाशी

‘कारण विचारत बसू नका, पाठ करून घ्या.’ राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मला मिळालेलं हे उत्तर. ते आठवलं की आजही डोकं तापतं, म्हणून आधी तेच लिहिते.

माझी लेक मराठी माध्यमात शिकते. आठवीत तिला शिष्यवृत्तीला बसवलं. आपल्या जिल्ह्यात या परीक्षेचा केवढा ध्यास असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. जादा तास, सराव पेपर, सुट्टीतही शाळा, सगळं दिवाळीआधीपासून सुरू होतं. मराठी आणि गणित पहिल्या पेपरात, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता दुसऱ्यात. प्रत्येक पेपर 150 गुणांचा, वेळ 90 मिनिटं. दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुणांचे, आणि त्यांच्या जोडीला बुद्धिमत्तेचे 50 प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. इंग्रजीत घुटमळलं की बुद्धिमत्तेची येणारी उत्तरंही हातची जातात.

मराठी, गणित, बुद्धिमत्ता यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते शाळेतल्या बाईंनी इतकं नेटकं करून घेतलं की घरी बघावं लागलं नाही. इंग्रजीतही काळ, अनेकवचनं, विरुद्धार्थी शब्द, उताऱ्यावरचे प्रश्न सरळ सुटत गेले. अडलं ते प्रिपोझिशनवर, म्हणजे इन, ऑन, ॲट असल्या शब्दांवर. वाक्यात एक रिकामी जागा, खाली चार छोटे शब्द, आणि लेक दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायची.

महाद्वार रोडवरून दोन गाईडं आणली होती. त्यात एक वाक्य होतं, ‘द चिल्ड्रन आर सिटिंग … द शेड ऑफ अ ट्री.’ एका गाईडचं उत्तर अंडर, दुसऱ्याचं इन. दोन्हीकडे कारणाची एक ओळ नाही. तेच घेऊन मी क्लासमध्ये गेले. तिथल्या सरांनी पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, आमच्या नोट्समध्ये आहे तेच लिहायला सांगा.’ मी म्हटलं, सर, परीक्षेत हेच वाक्य येणार नाही, दुसरं येईल, तेव्हा तिनं काय करायचं? त्यावर ते वर लिहिलेलं वाक्य बोलले. पोरगी शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘आई, म्हणजे याला कारणच नसतंय काय?’ मला त्या उत्तरापेक्षा तिच्या या प्रश्नाचं जास्त वाईट वाटलं. तेराव्या वर्षी पोरीनं कारण विचारायचं सोडलं, तर पुढं शिकणार काय?

कारण असतं. भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून आम्ही जाड शब्दकोश उघडला. 1850 सालचं हे वाचनालय, माझं माहेरपासूनचं. शब्दकोशात शेड या शब्दाखाली ‘इन द शेड’ असं स्वच्छ छापलं होतं. झाड असेल तर अंडर, सावली असेल तर इन. झाड डोक्यावर असतं, सावली आपल्या चहूबाजूंनी असते. लेकीला एका वाक्यात पटलं. हे सांगायला क्लासमध्ये किती वेळ लागला असता?

तिथंच एक उपयोगाची गोष्ट हाती लागली. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात विशेषणापुढं आणि क्रियापदापुढं त्याचा जोडीदार छापलेला असतो. अफ्रेड ऑफ, गुड ॲट, मॅरीड टू, वेट फॉर. शब्द पाहिला की जोडीदारासकट वहीत उतरायचा. नुसता अर्थ लिहिला तर अर्धंच काम झालं.

पण खरी गाठ सुटली ती लेकीच्या चुकलेल्या सराव पेपरांवरून. मी ते सगळे जमिनीवर पसरले आणि तिनं तिथं तो शब्द का लिहिला असेल ते बघत गेले. ती डोक्यात मराठी वाक्य करत होती आणि मराठीतला एक प्रत्यय धरून इंग्रजीचा एकच शब्द लावत होती. आपण म्हणतो, ‘रंकाळ्यावर भेटूया’, म्हणून तिचं ‘ऑन रंकाळा’. आपण म्हणतो, ‘केएमटीत बसले’, म्हणून ‘इन द बस’.

मग आम्ही नेहमीच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि मराठी प्रत्ययाला एकेक पान दिलं.

‘वर’च्या पानावर भिंतीवर घड्याळ म्हणजे ऑन द वॉल, रंकाळ्यावर भेटणं म्हणजे ॲट रंकाळा, माझ्यावर रागावली म्हणजे अँग्री विथ मी, देवावर विश्वास म्हणजे बिलीव्ह इन गॉड. एक ‘वर’, इंग्रजीत चार वाटा. ‘त’च्या पानावर पेटीत इन, रिक्षात इन, पण केएमटीत आणि रेल्वेत ऑन. ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिला बहुधा ऑन, वाकून आत बसावं लागतं तिला इन, असं आम्ही ठरवलं आणि ते बरंच टिकलं. गणितात हुशार म्हणजे मात्र गुड ॲट. ‘ला’च्या पानावर पाचला ॲट, 26 जानेवारीला ऑन, शाळेला टू, कुत्र्याला घाबरते तिथं ऑफ. ‘ने’च्या पानावर चाकूनं कापलं तर विथ, बसनं आलो तर बाय, आईनं केलं असं उलटं, म्हणजे पॅसिव्ह, वाक्य असेल तर बाय.

सगळ्यात मोठं पान ‘पासून’चं झालं. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींत आपण पासूनच म्हणतो, पण इंग्रजीत पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर. लेक प्रत्येक ठिकाणी सिन्स लिहायची आणि गाईड फक्त ‘चूक’ म्हणायचं. कधी सुरू झालं तो क्षण सांगितला असेल, 2019, सोमवार, सकाळ, तर सिन्स. किती काळ चाललं ते मोजून सांगितलं असेल, दोन वर्षं, तीन तास, तर फॉर. शिवाय ‘कोल्हापूरपासून पन्हाळा’ असं अंतर आलं की फ्रॉम. हे पान तिनं स्वतः भरलं आणि त्या दिवसानंतर सिन्स-फॉरचा एकही प्रश्न तिचा चुकला नाही. याचा मला फार अभिमान आहे.

शेवटी एक कोरं पान ठेवलं, जिथं इंग्रजीत काहीच लागत नाही त्यांच्यासाठी. कोल्हापूरला पोचलो म्हणून पोरं ‘रीच्ड टू’ लिहितात, प्रश्नावर चर्चा केली म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’. रीच, डिस्कस, एंटर, आन्सर यांच्यापुढं थेट नाव येतं.

हालचालीचे शब्द मात्र वहीत शिकवूच नका. आम्ही संध्याकाळी रंकाळ्याला चालायला जायचो. काठाकाठानं चाललो की अलाँग, पूर्ण फेरी मारली की अराउंड, रस्ता ओलांडला की अक्रॉस, महाद्वार रोडच्या गर्दीतून वाट काढली की थ्रू. संध्यामठ इन द लेक, शालिनी पॅलेस ऑन द बँक ऑफ द लेक. कोल्हापूर ऑन द पंचगंगा, कारण नदीकाठच्या गावाला इंग्रजीत ऑनच लावतात. ती मोठ्यानं बोलायची, लोक बघायचे, बघू देत.

वाक्प्रचारांना आम्हाला फार वेळ लागला नाही. क्रोकोडाइल टियर्स म्हणजे आपले नक्राश्रूच. ‘अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स’ ऐकल्याबरोबर तिनं ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हटलं. जिथं मराठीत तयार जोडी मिळते तिथं ती लिहायची. वन्स इन अ ब्लू मून किंवा ॲट द इलेव्हन्थ आवर अशांना घरातलंच वाक्य करायचं. पर्यायांत बहुतेक वेळा एक पर्याय शब्दशः अर्थाचा ठेवलेला असतो. पोरं घाईत तोच रंगवतात. तो आधी खोडायला शिकवा.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि हे आधीच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. लेकीच्या वेळी आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवल्याशिवाय गुण मिळायचे नाहीत. प्रिपोझिशनला हे हमखास जमण्यासारखं आहे. घराशेजारी दुकान आहे, तर नियरही चालतं आणि बिसाइडही. पाठांतर केलेलं मूल पहिलं उत्तर सापडलं की थांबतं. आमच्या एका गाईडात तर असाच प्रश्न एकच उत्तर देऊन छापला होता. म्हणून लेकीला सवय लावली की चारही पर्याय वाक्यात घालून वाचायचे, मगच गोल काळा करायचा. आधी वेळ जातो असं वाटतं, पण कारण माहीत असलं की चार पर्याय तपासायला काही सेकंद पुरतात.

पेपर देऊन ती वर्गाबाहेर आली ती सांगतच आली, कुठं ऑन घातलं आणि का घातलं. मला तेवढ्यानंच हायसं वाटलं.

नंतर ही परीक्षा घेणारी परीक्षा परिषद संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची लावते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप नोंदवता येतो, मग अंतिम सूची येते. उत्तरं ताडताना आधी मुलाच्या प्रश्नपत्रिकेचा संच ए, बी, सी की डी ते बघा, कारण संच बदलला की प्रश्नांचे क्रमांक बदलतात. आणि आक्षेप नोंदवलात तर कारणही लिहा.