तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राफ्टमध्ये नाव आलं, आता पुढे?

मेलबर्नमधल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलगी लहानपणी ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटी वर्गाला) जायची, आता अठराची होत आली, फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल छान खेळते. एएफएलडब्ल्यू या महिलांच्या राष्ट्रीय लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्यात, तिचं नाव आलं, तर ती मार्गी लागली असं समजायचं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, अजून नाही. करार हातात येतो. त्या पातळीची खेळाडू ती होते पुढच्या दोन सीझनमध्ये, आणि या काळात सगळ्यात जास्त जपायचा तो गुडघा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिलांची ही लीग २०१७ मध्ये ८ संघांनी सुरू झाली, आता १८ संघ आहेत. मैदानावर एका बाजूला १६ जणी (पुरुषांचे १८), आणि चेंडू लंबगोल, ४ नंबरचा, पुरुषांच्या ५ नंबरपेक्षा लहान. ऑफसाइड नाही, त्यामुळे समोरची मुलगी पाठीमागूनही येऊ शकते. कबड्डीत कवळ घालतात तशी पकड इथे चालते, पण खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर.

आता पैशाचं. २०१७ मध्ये किमान मानधन ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या सीझनला सर्वात खालची श्रेणी ३९,१८४ डॉलरवर आली. २०२३ च्या करारानंतर १२ महिन्यांची नेमणूक मिळू लागली आणि सरासरी २०२७ पर्यंत ८२,००० वर न्यायचं ठरलं. बातम्यांत हाच ८२,००० चा आकडा झळकतो आणि घरात तोच धरून हिशोब होतात. ती सरासरी आहे. ड्राफ्टमधून आलेली मुलगी सहसा सर्वात खालच्या श्रेणीत सुरुवात करते आणि निवड दुसऱ्या राज्यातल्या क्लबने केली तर घरभाड्याचाही विचार करावा लागतो. म्हणून शिक्षण सोडू नये असं माझं ठाम मत आहे. विद्यापीठात विषय कमी घ्यावेत, पण नाव चालू ठेवावं.

ड्राफ्ट अलीकडे डिसेंबरमध्ये होतो आणि सीझन ऑगस्टमध्ये उघडतो. मधले आठ महिने हीच खरी संधी, आणि वाया जातात तेही हेच. शाळेत खेळणारी मुलगी पळायला तयार असते, धक्के खायला नसते. २ किलोमीटरच्या चाचणीत ती जुन्या खेळाडूंना मागे टाकेल, पण पंचविशीतली, चार वर्षं जिममध्ये वजनं उचललेली मुलगी अंगावर आली की चेंडू सुटतो. हे आठ महिने मांड्या, नितंब, पाठ आणि मान यांच्या ताकदीसाठी ठेवायचे.

गुडघ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. निना मॉरिसन ही २०१८ च्या ड्राफ्टमधली पहिल्या क्रमांकाची निवड. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती जिलाँग क्लबकडून पहिला सामना खेळली, रायझिंग स्टार या तरुण खेळाडूंच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि त्याच आठवड्यात सरावात तिचा एसीएल फाटला. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरपा बसलेला अस्थिबंध. शस्त्रक्रिया झाली की परत खेळायला साधारण ९ ते १२ महिने, कधी त्याहून जास्त.

बहुतेक वेळा गुडघ्यावर कोणाचा थेट मार बसलेला नसतो. मुलगी धावता धावता दिशा बदलते किंवा उंच झेल घेऊन एका पायावर उतरते. पाय शरीरापासून लांब टेकलेला, गुडघा जवळजवळ सरळ, धड एका बाजूला कललेलं. अशा वेळी गुडघा आत वळतो आणि अस्थिबंध तुटतो. हवेत असताना खांद्याला लागलेला हलका धक्काही एवढ्याला पुरतो.

यावर उपाय उतरण्याच्या सरावात आहे. ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून आधी दोन्ही पायांवर उडी, मग एका पायावर, मग झेल घेत, आणि शेवटी कोणी पॅडने खांद्याला ढकलत असताना. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे, नितंब मागे गेले पाहिजेत, आणि उतरताना आवाज कमी आला पाहिजे. धप्प आवाज आला की समजावं, पाय ताठ आहेत. हा सराव प्रत्येक वॉर्म-अपमध्ये १५ मिनिटं हवा. तो मोडतो कुठे? शाळेचा संघ, स्थानिक क्लब आणि राज्याचा संघ, तिघांचे प्रशिक्षक फक्त आपापली सत्रं मोजतात. मुलीच्या पायांवर पडणाऱ्या एकूण ताणाची बेरीज कोणीच करत नाही. ती वही घरी ठेवा: तारीख, मिनिटं, दुसऱ्या दिवशी पाय कसे होते.

मुलींचं उतरणं कच्चं राहण्यामागे इतिहासही आहे. व्हिक्टोरियात मुलींना मुलांच्या संघातून ठरावीक वयानंतर बाहेर पडावं लागे. पेनी क्युला-रीड आणि आणखी दोन मुली २००३ मध्ये याविरुद्ध न्यायाधिकरणात गेल्या. २००४ पासून राज्यात मुलींची वेगळी युवा स्पर्धा उभी राहिली आणि पेनी पुढे कॉलिंगवूड क्लबकडून एएफएलडब्ल्यू खेळली. बारा ते सोळा ही पडायला-उठायला शिकण्याची वर्षं. ती अनेक मुलींना नेटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये घालवावी लागली.

दुसरी गोष्ट लाथेची. ड्रॉप पंट हा रोजचा फटका, आणि त्यातली चूक बहुधा हातात असते, पायात नव्हे. चेंडू उभा धरायचा, उजव्या पायाने मारायचा तर उजव्या हातानेच खाली न्यायचा आणि कमरेच्या उंचीवरून, न फिरवता, पायासमोर सोडायचा. घोटा ताठ, बोटं ताणलेली, चेंडूचं खालचं टोक बुटाच्या लेसवर. मग तो उलटा गिरक्या घेत सरळ जातो. उंचावरून सोडला की वाऱ्यात सरकतो, शरीराला आडवा पडला की वळतो, घोटा ढिला पडला की वर तरंगतो आणि २५ मीटरवर पडतो. डाव्या पायानेही निदान ३० मीटर यायला हवेत. बचाव करणारी मुलगी तुमचा कच्चा पाय दोन मिनिटांत ओळखते आणि तिकडेच ढकलत राहते.

अपवाद असतात. मॅडिसन प्रेस्पाकिस त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तिसरी. कार्लटनकडून तिने २०१९ मध्ये रायझिंग स्टार जिंकला आणि २०२० मध्ये, १९ व्या वर्षी, लीगमधली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिचे दोन्ही पाय आणि दोन्ही हात सारखे चालतात, म्हणून ती थेट मिडफिल्डमध्ये, म्हणजे मधल्या गर्दीत, उभी राहू शकली. बहुतेकींना पहिल्या वर्षी पुढच्या फळीच्या कडेला किंवा विंगवर (मैदानाच्या मधल्या भागाच्या कडेला) ठेवतात, कारण तिथे गर्दी कमी आणि विचार करायला अर्धा सेकंद जास्त. याला डावललं म्हणू नका. काही आठवडे राज्याच्या लीगमध्ये खेळायला मिळणं तर फायद्याचंच, तिथे सामनाभर मैदानावर राहता येतं.

डोक्याला मार लागला तर लीगच्या नियमाने किमान १२ दिवस सामना नाही. मुलगी "मी ठीक आहे" म्हणेल, तरी नाहीच. आणि क्लबच्या लोकांना पहिल्यांदा भेटाल तेव्हा जर्सीचा नंबर विचारण्याआधी हे विचारा: गुडघा गेला, तर शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने तिच्याबरोबर रोज कोण काम करणार आहे, आणि करार तेवढा लांब आहे का.