‘प्रेशर येत नाही’ एवढ्याने भागत नाही

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातील कुठल्याही कारखान्यात सकाळच्या मीटिंगला उभे राहिले, तर प्रॉडक्शनचे लोक ‘मेंटेनन्सवाले वेळेवर येत नाहीत’ म्हणताना आणि मेंटेनन्सचे लोक ‘मशीन वेळेवर ताब्यात देत नाहीत’ म्हणताना ऐकू येतात. दोन्ही तक्रारी बहुधा खऱ्याच असतात. व्यवस्थापन त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना लोणावळ्याला एकत्र जेवायला नेते. जेवण उत्तम असते, पण सोमवारी ब्रेकडाउन स्लिपवर (मशीन बिघडल्यावर प्रॉडक्शनने मेंटेनन्सला पाठवायच्या चिठ्ठीवर) पुन्हा तीच दोन अक्षरे असतात : ‘बंद’. माझ्या मते बिघाड त्या स्लिपमध्येच आहे.

हायड्रॉलिक प्रेसचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचे उदाहरण घ्या. दुपारी अडीचच्या सुमारास ‘प्रेशर येत नाही’ अशी स्लिप येते. फिटर दुसऱ्या प्रेसवर अडकलेला असल्यामुळे शिफ्ट बदलल्यावर पोहोचतो, तोवर मशीन उभे राहून तेल निवलेले असते. तो पंप चालू करतो, गेजचा काटा व्यवस्थित वर जातो, स्लिपवर ‘ओके’ लिहून तो निघून जातो आणि तासाभराने पुन्हा फोन वाजतो. यापुढे जे बोलणे होते ते इथे लिहिण्याजोगे नसते. वास्तविक, सकाळी प्रेशर ठीक असते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर उतरू लागते, हे त्या प्रेसवरच्या ऑपरेटरला आठवडाभर ठाऊक होते. तेल तापले की पातळ होते आणि पंप आतून झिजलेला असेल तर ते आतल्या आत मागे सरकते. म्हणजे ‘केव्हा’ या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान होते. परंतु ऑपरेटरने सुपरवायझरला सांगितले, सुपरवायझरने दोन शब्दांत लिहिले आणि नेमके तेवढेच वाटेत गळाले. म्हणून स्लिपवर ‘कधीपासून, थंड असताना की तापल्यावर, आवाज किंवा वास, त्याआधी काय बदलले’ हे रकाने हवेत, आणि ते ऑपरेटरने स्वतः, त्याला सुचेल त्या मराठीत किंवा हिंदीत भरावेत.

मशीन परत देतानाही हेच घडते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, त्याची नोंदही झालेली होती. मात्र रात्रपाळीला ते कळले नाही, तोच पंप चालू केला गेला आणि त्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली. आपल्या शॉपवर एवढे भीषण काही सहसा घडत नाही, तरीही ‘गार्ड (मशीनवरचे संरक्षक झाकण) तात्पुरते काढले आहे’, ‘लिमिट स्विच (ठरलेल्या जागी मशीन थांबवणारा स्विच) बायपास केला आहे’ ही वाक्ये रजिस्टरमध्ये लिहून पुरत नाहीत. ती पुढच्या पाळीच्या माणसाला मशीनपाशी उभे राहून सांगावी लागतात आणि तिथेच त्याची सही घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला अंगठा ही सही नव्हे.

पुण्यात गुरुवारचा आणखी एक घोळ आहे. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे प्रॉडक्शन प्लॅनिंग ‘काय करायचे ते गुरुवारी करा’ असे सांगून मोकळे होते, आणि महावितरणही आपली दुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारीच काढते. मशीन मोकळे, पण वीज नाही. जनरेटर लागेल हे युटिलिटीला (वीज-पाणी सांभाळणाऱ्या विभागाला), चारजण येणार आहेत हे कँटीनला आणि सिक्युरिटीला बुधवारी दुपारपर्यंत कळले नसेल, तर सुट्टी मोडून आलेला माणूस गेटवरच अर्धा तास उभा राहतो. त्याच्याकडून पुढे सौजन्याची अपेक्षा करणे जरा जास्तच होते.

स्टोअर्स आणि खरेदी विभागाला तर सकाळच्या मीटिंगला कोणी बोलावतही नाही. खरेदीने स्वस्तातले नायट्राइलचे (एका प्रकारच्या कृत्रिम रबराचे) सील आणले आणि ते गरम तेलात कडक होऊन गळू लागले, की आम्ही मेंटेनन्सवाले त्यांना नावे ठेवतो. पण इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) आमच्याच माणसाने फक्त ‘सील’ आणि माप लिहिलेले असते. आता आमच्या इंडेंटवर तेलाचा प्रकार आणि तापमान यांसाठी वेगळा रकाना आहे, आणि तो रिकामा असेल तर कागद तसाच परत पाठवा, असे आम्हीच खरेदी विभागाला सांगून ठेवले आहे.