अर्ध्या गुणाचं प्रकरण

नववीच्या सहामाहीत मला विज्ञानात चाळीसपैकी साडेएकोणचाळीस गुण मिळाले. अर्धा गुण जिथे गेला ते वाक्य मला अजून पाठ आहे : 'प्रतिपिंडे शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना ओळखतात व मारतात.' (प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडीज.) बाईंनी खाली लाल रेघ ओढून समासात एकच शब्द लिहिला होता, 'कसे?' मी तावातावाने शिक्षकांच्या खोलीत गेलो.

"बाई, पुस्तकात असंच आहे."

"म्हणून तर साडेएकोणचाळीस दिले," असं म्हणून बाईंनी पुढचा पेपर ओढला.

स्मरणिकेसाठी 'शाळेने काय दिलं' यावर लिहा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. संस्कारांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी त्या अर्ध्या गुणाबद्दल लिहितो.

पुढे मी परजीवींच्या प्रयोगशाळेत शिकायला लागलो. तिथे टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीच्या संसर्गासाठी एक जुनी चाचणी करायला शिकवली. सेबिन आणि फेल्डमन यांनी ती 1948 मध्ये काढली. जिवंत परजीवी घ्यायचे, त्यांत रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, घालायचं, शिवाय ज्याच्या रक्तात ही प्रतिपिंडं नाहीत अशा माणसाचं ताजं सीरम घालायचं. तासभर उबेत ठेवून मेथिलीन ब्लू हा निळा रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. धडधाकट परजीवी फुगीर, गर्द निळा दिसतो. रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं असली तर परजीवीचं आवरण फाटतं, तो रंग घेत नाही, काचेवर फिकट सावलीसारखा पडून राहतो. सीरम पातळ करत जायचं आणि निम्मे निळे, निम्मे फिकट होतील तिथे थांबायचं.

एकदा माझी एक अख्खी रांग निळीच्या निळी आली. रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर होती, शेजारच्या रांगेत ती चोख दिसतही होती. मग लक्षात आलं की या रांगेत मी ताजं सीरम घालायलाच विसरलो होतो. म्हणजे प्रतिपिंडं परजीवींना चिकटून बसली होती आणि परजीवी मजेत होते! त्या दिवशी स्टुलावर बसल्या बसल्या मला समासातला तो लाल शब्द आठवला.

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन, जेमतेम मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढं. दोन हातांच्या टोकांना खळगे असतात. परजीवीच्या अंगावरच्या एखाद्या प्रथिनाचा उंचवटा त्यात नेमका बसला, की झाली ओळख. उरलेली शेपटी मदतीला बोलावण्यासाठी असते. ताज्या सीरममधली पूरक प्रथिनं त्या शेपटीला येऊन लागतात, एकातून दुसरं जागं होतं आणि शेवटची मंडळी कडं करून परजीवीच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. शरीरात भक्षकपेशीही तीच शेपटी धरून परजीवीला गिळतात. मारेकरी दुसरेच, प्रतिपिंड फक्त पकडून दाखवतं. मलेरियात तर काही वेळा नुसती पकडही पुरते. तांबड्या पेशीतून फुटून निघालेला परजीवी पुढच्या पेशीत शिरेपर्यंत मिनिटभरच उघड्यावर असतो. तेवढ्यात त्याचं शिरकाव करायचं प्रथिन धरून ठेवलं, की तो बाहेरच राहतो.

हे एवढं सरळ असतं तर काळा आजार उरलाच नसता. त्या रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडांचा नुसता पूर येतो. पूर्वी तर सीरममध्ये फॉर्मलिनचा थेंब टाकून ते पांढरट गोठतं का, यावरून निदान करत. पण या आजाराचा परजीवी, लिश्मानिया, राहतो भक्षकपेशीच्या पोटातच. प्रतिपिंड लागलेल्या लिश्मानियाला भक्षकपेशी गिळते, म्हणजे त्याला आयतं घरी पोचवते.

माझा सर्वांत लाडका बदमाश मात्र निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी प्रतींचा दाट अंगरखा असतो. प्रतिपिंडं तो ओळखायला शिकेपर्यंत काही जण दुसरा अंगरखा चढवून बसलेले असतात, कारण पेटीत असे हजाराहून अधिक नमुने असतात. म्हणून रक्तातली त्यांची संख्या लाटांसारखी चढते, पडते, पुन्हा चढते. आणि हा पोहतो त्याचाही त्याला फायदा. पुढे जाताना अंगावरून वाहणारा द्रव चिकटलेली प्रतिपिंडं मागे ढकलत नेतो. मागच्या टोकाशी एक खिसा असतो, त्यातून तो ती आत ओढून पचवतो. प्रतिपिंडं थोडी असली तर काही मिनिटांत अंग साफ! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी, परजीवींच्या शत्रुपक्षातला माणूस, मनातल्या मनात टाळी दिली.

मागच्या वर्षी बाईंना भेटायला गेलो. ऐंशी उलटल्या आहेत, ऐकू कमी येतं, पण प्रश्न तसेच.

"मलेरियाची लस आली म्हणे. ती नेमकं काय पकडायला शिकवते?"

मी सांगितलं, की डास चावताना जे परजीवी कातडीत सोडतो, त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं आणि त्यात चार अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. प्रतिपिंडं तो धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या लशीची शिफारस केली. यकृतात पोचायच्या आत त्यांना गाठायचं, एवढंच काम.

"डास किती सोडतो?"

"बहुधा शंभराच्या आतच."

"आणि एखादा निसटला तर?"

"एकसुद्धा पुरतो, बाई. यकृताच्या एका पेशीत शिरला की त्याचे हजारो होऊन बाहेर पडतात."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मग शंभरातले नव्याण्णव पकडले तरी नापासच की!"

तेव्हा कुठे मी हळूच त्या अर्ध्या गुणाचा विषय काढला. त्यांना तो आठवतही नव्हता.