साठ अँपिअर-अवरच्या बॅटरीच्या जागी पासष्टची टाकायला निघालो होतो

सकाळी घाईत सेल मारला तर नुसती कट-कट-कट. डॅशबोर्डवरचे दिवे एकदम मिचमिचले आणि घड्याळ १२:०० वर जाऊन बसलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून जम्प दिला, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि मी विषय तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मल्टिमीटर काढला. गाडी रात्रभर उभी होती, टर्मिनलवर ११.९ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ म्हणजे तळ गाठलेला. इंजिन चालू असताना १४.२ येत होते, म्हणजे अल्टरनेटर ठीक. आता राहिला प्रश्न, बंद गाडीत कोणी करंट पितंय का? निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर जोडला. तेवढ्यात मुलीने पाणी घ्यायला दार उघडलं आणि मीटरमधला मिलीअँपिअरचा फ्यूज उडाला. (दार उघडलं की सगळे कंट्रोलर जागे होतात, हे मला नंतर सुचलं.) फ्यूज बदलून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, तेव्हा ३० मिलीअँपिअर दिसले. ५० पर्यंत काळजीचं कारण नसतं. शेवटी रात्रभर चार्जर लावला. सकाळी आकडा १२.५, दिसायला छान. पण सेल मारताना तो ८.९ वर कोसळला. तिथे ९.६ च्या खाली गेला की बॅटरीत दम उरलेला नाही असं समजायचं. पाच वर्षं झाली होती, तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

दुकानात गेलो तेव्हा डोक्यात एकच हिशेब होता: जुनी ६० अँपिअर-अवरची, तर आता थोडी मोठी घेऊ. दुकानदारानेही तेच सांगितलं, "दादा, पासष्टची टाका, बघायलाच नको." टाकणारच होतो. जुन्या बॅटरीचा फोटो दाखवायचा म्हणून बॉनेट उघडून लेबलवरची धूळ बोटाने पुसली, तर खाली बारीक अक्षरात ‘ईएफबी’, म्हणजे स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांसाठीची मजबूत केलेली बॅटरी.

माझ्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे. सिग्नलला इंजिन बंद, क्लच दाबला की चालू. साध्या बॅटरीला दिवसातून चार-पाचदा सेल मारायची सवय. इथे एका फेरीत वीस-पंचवीस वेळा, आणि इंजिन बंद असताना ब्लोअर, दिवे, गाणी सगळं तिच्याच जिवावर. ईएफबीमध्ये पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिस्टरची बारीक जाळी असते, त्यामुळे प्लेटवरचा लेप लवकर गळून पडत नाही. एजीएम हा त्याच्या वरचा प्रकार, त्यात काचेच्या तंतूंचा पॅड ॲसिड शोषून धरतो. ती आणखी दणकट, पण इंजिनाच्या उष्णतेला नाजूक. ईएफबीच्या जागी ईएफबीच, किंवा मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर एजीएम. एजीएम असेल तर मात्र एजीएमच. खाली उतरायचं नाही. ती पासष्टची साधी होती.

आणि इथे मला माझाच राग आला. गेले चार-पाच महिने माझं स्टार्ट-स्टॉप चालतच नव्हतं. कटकट गेली म्हणून मी खूश होतो! निगेटिव्ह टर्मिनलवरच्या सेन्सरला बॅटरी दमल्याचं केव्हाच कळलं होतं.

दुसरा घोळ लांबीचा. माझी बॅटरी २४२ मिलिमीटर, ती पासष्टची २७८. ट्रेमध्ये बसलीच नसती, आणि तळाचा क्लॅम्प न आवळता ठेवलेली बॅटरी हादऱ्यांनीच मरते. पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला आहे तेही पाहावं लागतं, कारण केबल मोजून-मापून तेवढीच लांब असते. सीसीएचे, म्हणजे कडक थंडीत सेल मारायला बॅटरी किती करंट देते त्याचे आकडे पाहिले, पण एकीवर एसएई (अमेरिकन मानक) आणि दुसरीवर ईएन (युरोपियन मानक) लिहिलेलं. दोन्ही चाचण्या उणे १८ अंशांवरच होतात, पण एसएईत ३० सेकंद ७.२ व्होल्ट टिकवायचे असतात, ईएनमध्ये १० सेकंद ७.५. त्यामुळे ती तुलना सोडून दिली आणि मॅन्युअलमधला आकडा धरला.

शेवटी ६० चीच ईएफबी ठरली. पहिली काढून दिली तिच्यावर मीटर लावला, १२.३. कपाटात पडून राहिलेली. दुकानदार म्हणाला, "चार्ज करून देतो," मी म्हटलं, "दुसरी दाखवा." दुसरी १२.७, तारीखही ताजी.

बसवायला दहा नंबरचा पाना पुरला. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगीच. सेन्सरवाला क्लॅम्प ठोकून बसवू नका, हाताने खाली दाबून मगच आवळा. नंतर खिडकीचं एका स्पर्शात वर जाणं बंद पडलं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरल्यावर ते परत आलं. जुनी बॅटरी दुकानातच दिली, तिच्यातलं शिसं पुन्हा वापरात येतं.

पहिल्या दिवशी स्टार्ट-स्टॉप गप्पच होतं. गाडी रात्रभर लॉक राहिल्यावर, दुसऱ्या दिवशी पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद झालं. आता रोज निघताना मी ते बटण दाबून बंद करतो.