तीनदा नाही

दुपारी कुणाला तरी काहीतरी कळवलं आणि उत्तरादाखल टाळ्या वाजवणारं अस्वल आलं. फोन बाजूला ठेवला, चष्मा पुसला, एक लांबलचक मेल वाचला आणि परत बघतो तर अस्वलाच्या टाळ्या चालूच. माझी बातमी इतक्या टाळ्यांच्या लायकीची मुळीच नव्हती. शेवटी मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी चॅट वर सरकवून अस्वलाला नजरेआड केलं.

अशी तयार जिफ, म्हणजे ही सारखी फिरत राहणारी हलती चित्रं, पाठवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. शोधाच्या चौकटीत ‘आनंद’ लिहिलं की ढीगभर अनोळखी लोक उड्या मारायला लागतात, त्यातला एक उचलायचा आणि धाडून द्यायचा. माझं तिथेच अडतं. मला आनंद झाला की मी उड्या मारत नाही, उगाचच टेबल आवरतो. टेबल आवरणाऱ्या माणसाचं जिफ कुठे मिळणार? म्हणून मी ती स्वतः करतो. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात, आणि त्यांचं चूक आहे असं काही नाही.

तसा हा नाद जुना. शाळेत इतिहासाच्या वहीच्या खालच्या कोपऱ्यात मी एक काडीमाणूस पळवायचो. अंगठ्याने पानं भरभर सोडली की पळणार, हळू सोडली की चालणार. पण एका पानावर डोकं इकडे, पुढच्यावर तिकडे, त्यामुळे गडी पळताना सारखा थरथरायचा. मग दादाने युक्ती सांगितली : शेवटच्या पानापासून सुरुवात कर. मागचं पान खाली ठेवलं की वरच्या पानातून आधीचं चित्र पुसटसं दिसतं, त्याच्या किंचित बाजूला पुढचं काढायचं. जॉन बार्न्स लिनेट नावाच्या माणसाने अशा फरफर सोडायच्या पुस्तकाचं पेटंट 1868 सालीच घेतलं होतं हे आम्हाला कुठलं ठाऊक असायला. दादाची युक्ती म्हणजे दादाचीच.

मागून काढायला लागल्यावर वेगळीच गंमत झाली. खड्ड्यात पडणं आधी आणि पळणं नंतर. पडण्यावर मी जीव तोडून मेहनत केली, धूळसुद्धा उडवली. पण मागे येत येत मधल्या पानांपर्यंत पोचलो तर तिथून पुढे सगळा गृहपाठ. त्यामुळे तो माणूस कुठून पळत आला, का आला, कुणालाच कळलं नाही. अर्ध्या वहीत अचानक उगवायचा आणि थेट खड्ड्यात. शेजारच्या बाकावरचे तेवढ्यासाठीसुद्धा वही मागून न्यायचे.

आता अंगठ्याचं काम आकडे करतात. दोन सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या दहा-पंधरा चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, ठेवायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या. प्रत्येक चौकट किती वेळ दिसावी हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत लिहायचं. सगळ्यांना सरसकट दहा दिलेत तर माणसाचं यंत्र होतं. शेवटच्या चौकटीला ऐंशी देऊन बघा, लगेच चेहऱ्यावर विचार उमटतो! बिचारा प्रत्यक्षात शिंक आवरत असतो, पण बघणाऱ्याला वाटतं, काय खोल माणूस आहे.

बाकीची हमाली आहेच. एका चौकटीत फार तर 256 रंग, त्यामुळे गालांवर पट्टे उमटतात. पार्श्वभूमी कापायला जावं तर चित्रातला प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरलेला, अधलंमधलं काही नाही. म्हणून केसांभोवती ती पांढरी किनार राहते, आणि समोरच्याने चॅट काळ्या रंगावर ठेवलं असेल तर ती अशी काही चमकते की विचारू नका. स्टिकर केलं तर कडा मऊ येतात, पण व्हॉट्सअॅपला हलतं स्टिकर 512 बाय 512 ठिपक्यांचं आणि 500 केबीच्या आत लागतं. मग बसा चौकटी गाळत.

माझं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे मावशी. कुणीतरी तिला गाणं म्हणायचा आग्रह करत होतं आणि ती डोळे मिटून, ओठ दाबून, नकारार्थी मान हलवत होती. मी ते टिपलं, मान डावीकडे जाते तिथे किंचित थांबवली आणि नात्यातल्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी शब्दांत ‘नाही’ म्हणत नाही. मावशी स्वतःसुद्धा! तिला यायला जमणार नसेल तर ती स्वतःलाच पाठवते.

एकदा मात्र तिने विचारलं, “अरे, ही थांबत नाही का कधी? बघून माझी मान दुखते.”

मी तिला समजावत बसलो. कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकी कंपनीत 1987 साली स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जिफ काढलं, तेव्हा हे असं अखंड फिरणं त्यात नव्हतंच. 1989च्या आवृत्तीत चौकटींमधलं थांबणं आलं. फिरत राहायची सोय नेटस्केप ब्राउझरने 1995च्या सुमारास जोडली. तो ब्राउझर 2008 मध्ये बंद झाला, पण आजही फिरत्या जिफच्या पोटात ‘नेटस्केप 2.0’ अशी अक्षरं असतात आणि त्यापुढे किती वेळा फिरायचं तो आकडा. शून्य लिहिलं की कायमचं.

“मग तीन लिही,” मावशी म्हणाली. “तीनदा नाही म्हटलं की माणसाला कळतं. त्यानंतर विचारतो तो आगाऊ.”

मी तीन लिहिलं. माझ्या संगणकावर मावशी तीनदा मान हलवून शांत झाली. चौथ्यांदा मारून मुटकून हलवावी तर छे, डोळे मिटून स्वस्थ. इतकं पटलेलं ‘नाही’ मी फार कमी पाहिलंय. मग तेच ग्रुपवर टाकलं. पण ही चॅटिंगची अॅपं बहुतेकदा जिफचा बिनआवाजी व्हिडिओ करून टाकतात, त्यात आमचं तीन कुठल्या कुठे गेलं. मावशी पुन्हा सुरू.

गेल्या आठवड्यात कामाच्या ग्रुपवर मी एकाला सुट्टीच्या दिवशी भेटूया का म्हणून विचारलं. त्याच्याकडून मावशी आली. पांढऱ्या किनारीसकट, माझ्याच हातची. हा माणूस आमच्या नात्यातला नाही, त्याचे-आमचे ओळखीचेही कुणी नाहीत. कुठून मिळाली विचारलं तर म्हणाला, “आली कुठूनतरी, फार भारी बाई आहे.”

मावशीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पहिल्यांदा विचारणार, त्याला नीट कळलं का? आणि कळलंच असणार. मी परत विचारलं नाही.