'भाव' सापडला नाही: पायथनच्या चुका मराठीत सांगताना

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चुकांचे संदेश इंग्रजीत येतात; ते शिकणाऱ्या पोरांना मराठीत कसे द्यावेत, त्याची ही टिपणं. रावेर-यावलकडच्या पोरांना पहिला प्रोग्राम केळीच्या हिशोबाचा द्यावा: वजन विचारा, क्विंटलचा भाव विचारा, गुणाकार छापा.

इनपुट, म्हणजे टाइप केलेलं उत्तर, पायथन मजकूरच समजतं. दोन्ही इनपुट तसेच गुणले की टाइपएरर (प्रकार न जुळल्याची चूक) येतो: 'कान्ट मल्टिप्लाय सीक्वेन्स बाय नॉन-इंट'. याचं 'अनुक्रमाला अ-पूर्णांकाने गुणता येत नाही' असं करण्यापेक्षा इंग्रजी परवडलं. लिहा: "मजकूर किंवा यादी फक्त पूर्णांकाने गुणता येते, इथे दुसऱ्या बाजूला मजकूर आहे." खाली वेगळ्या ओळीत: "इनपुटचा आकडा इंट किंवा फ्लोट करून घेतला का?" (इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांश संख्या.) काय झालं आणि का झालं असावं, हे एका वाक्यात कालवू नये, अंदाज चुकला तर पोरगं भलतीकडेच शोधत बसतं. (भाव कोडमध्येच १५०० लिहिला आणि वजन इनपुटचं राहिलं, तर चूक येतच नाही. '१२' दीड हजार वेळा छापलं जातं. तिथे भाषांतर काय करणार!)

खरी अडचण विभक्तीची. नेमएररच्या (किंमत न दिलेलं नाव वापरल्याच्या चुकीच्या) संदेशात मोकळ्या जागी कुठलंही नाव येतं. त्याला थेट 'ला' चिकटवला की 'केळीला' ठीक, पण 'भावला', 'घडला' होतं. प्रत्यय आपल्या शब्दाला लावा: "'घड' या नावाला अजून किंमत दिलेली नाही." वचनाचंही तेच, फंक्शनला हव्या तितक्या किमती दिल्या नाहीत तर '१ किंमत कमी पडली' आणि '२ किमती कमी पडल्या' ही वाक्यं वेगळीच ठेवा.

गावच्या बोलीत तोंडी खुशाल समजवा, पण स्क्रीनवर प्रमाण मराठी बरी. मूळ इंग्रजी ओळ वर तशीच राहू द्या, नेटवर शोधायला तीच लागते.

हे मराठी संदेश पायथनला जोडायला 'सिस' या मोड्यूलमधल्या 'एक्सेप्टहुक'च्या (चूक छापणाऱ्या फंक्शनच्या) जागी आपलं फंक्शन बसवतात. ते मुलाच्याच फाइलमध्ये बसवलं तर सिंटॅक्सएरर (कोड लिहिण्याच्या नियमांची चूक) मराठीत येत नाही, कारण फाइल चालायच्या आधीच अडते. दुसऱ्या फाइलमधून मुलाची फाइल 'कम्पाइल' करून (पायथनला चालवता येईल अशा रूपात आणून) चालवा.

पायथन ३ मध्ये 'एकूण = वजन * भाव' देवनागरीत चालतं. देवनागरी आकडे मात्र कोडमध्ये संख्या म्हणून चालत नाहीत, 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' येतं. तेच आकडे 'इंट'ला मजकूर म्हणून दिले की बिनबोभाट घेतं. 'शेतकऱ्याचा_भाव' मधला 'ऱ्य' काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवतात, मग 'नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+२००डी' (त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक) अशी चूक येते. इथे 'पुन्हा टाइप करा' सांगून उपयोग नाही, तोच कीबोर्ड तेच चिन्ह पुन्हा घालतो. सरळ दुसरं नाव द्यायला सांगा.