न बघितल्यासारखं बघणं

दुपारी जेवण झालं की आमचे हे खुर्चीतच पेंगतात. वर्तमानपत्र पोटावर, चष्मा कपाळावर. मी समोर बसून शब्दकोडं सोडवत होते. म्हणजे सोडवतेय असं मला वाटत होतं. एक आडवा शब्द अडला म्हणून मान वर केली, आणि मग कोड्याकडे परत काही गेले नाही. पोटावरचं वर्तमानपत्र वर जात होतं, खाली येत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला होता आणि तो फिरून पुन्हा बारावर पोचेपर्यंत माझ्या हाती आकडा होता. सोळा. सोळा म्हणजे उत्तम. माणूस ठणठणीत आहे, जेवण जरा जास्त झालंय एवढंच.

"काय बघतेस?" ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. किती वाजले ते."

इतक्या वर्षांच्या संसारानंतरही या उत्तरावर ह्यांचा विश्वास बसतो, याचं मला कौतुक वाटतं.

श्वास मोजायचा तर तो चोरूनच मोजावा लागतो. नाडी सांगून बघता येते, ताप सांगून घेता येतो, बीपीचा पट्टा तर लपवताच येत नाही. पण "आता तुमचा श्वास मोजते हं" असं म्हणून बघा. माणूस लगेच फोटोला बसल्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नर्सिंगच्या प्रशिक्षणात अगदी सुरुवातीलाच शिकवलेली युक्ती अशी, की मनगट धरायचं, नाडीचे ठोके मोजायचे, आणि ते झाले तरी बोटं उचलायची नाहीत. नजर घड्याळावर आहे असं दाखवत छाती बघायची. पेशंटला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघतायत. तो बिचारा निवांत पडून असतो आणि तेवढ्यात त्याचा पुरता मिनिटभर श्वास मोजून होतो. मोठ्या माणसाचे बारा ते वीस. तान्ह्याचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. उभ्या नोकरीत मी रोज केलेली ही फसवणूक; आणि ज्यांची केली त्यांच्यापैकी एकानेही कधी तक्रार केली नाही.

निवृत्त झाल्यावर गणवेश परत केला, कपाट रिकामं केलं, पण ही खोड कुठे परत करायची ते कोणी सांगितलं नाही. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचे घोटे सुजलेले दिसतात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंची नखं जरा निळसर वाटतात. समारंभात कोणी हात पुढे करून बोलायला लागलं की माझं लक्ष बोलण्यावर नसतं, कोपराच्या खोबणीतल्या शिरेवर असतं. काय सुरेख शीर! आंधळ्यालाही सापडेल. आणि काही माणसं इतकी चांगली असूनही त्यांच्या शिरा अशा, की बघूनच पोटात गोळा यावा. ह्यांच्या भाचेजावयांना मी एकदा तसं सांगितलं. तेव्हापासून ते आमच्याकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात.

पेनाचंही तसंच. लिहायला घेतलं की आधी मनगटाला एक झटका देते. काचेच्या थर्मामीटरमधला पारा खाली उतरवण्याचा तो झटका. ते थर्मामीटर आता गेले. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाटा करार २०१३ साली झाला, आणि त्याआधीपासूनच वॉर्डांतून पारा हद्दपार व्हायला लागला होता. आता 'पीप' असा आवाज येतो आणि आकडा दिसतो. पारा गेला ते योग्यच झालं. फुटलेल्या थर्मामीटरचे ते चमकदार थेंब फरशीवरून कागदावर गोळा करताना आमची काय तिरपीट उडायची! पण झटका राहिला. बँकेतल्या मुलीला वाटतं पेन चालत नाहीये. ती दुसरं देते. मी त्यालाही झटका देते.

जुन्या मैत्रिणी जमलो की एकमेकींच्या तब्येती विचारायच्या नाहीत असा आमचा ठराव आहे. तो पाच मिनिटं टिकतो. मग जेवणाच्या टेबलावर मोशन, लघवी, ड्रेनच्या पिशवीतला रंग असे विषय इतक्या सहज निघतात, की शेजारच्या टेबलावरची माणसं जागा बदलून घेतात. एका गोष्टीबाबत मात्र आम्ही सगळ्या अजून सोवळ्यात आहोत. नाइट ड्यूटीवर "आज काय शांत आहे ना!" असं म्हणायचं नाही. आमच्यातल्या दोघी कट्टर नास्तिक. त्याही म्हणत नाहीत. एकदा एका नव्या डॉक्टरनं म्हटलं होतं. पुढच्या तासाभरात काय काय झालं ते सांगत बसत नाही, पण पहाटे आम्ही सगळ्या त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होतो, की त्या पोरानं हात जोडले.

रात्रीचं निघालं म्हणून आठवलं. लहानपणी मी टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी मुलांच्या वॉर्डात होते. घसा दुखत होता आणि झोप येत नव्हती. पण झोप येत नाही असं सांगितलं तर काहीतरी टोचतील, अशी माझी पक्की खात्री होती. रात्री एक सिस्टर फिरायच्या. हातात टॉर्च, पण तिच्या काचेवर त्यांचीच बोटं मिटलेली. उजेड बोटांमधून झिरपून यायचा, लालसर. बोटांच्या कडा पेटल्यासारख्या दिसायच्या आणि मधला भाग काळपट. मला वाटायचं, या बाईंच्या हातातच दिवा आहे. त्या माझ्या खाटेशी आल्या की मी डोळे गच्च मिटून घ्यायची. आता मला ठाऊक आहे, की खरोखर झोपलेलं मूल डोळे कधीच गच्च मिटत नाही. त्यांनाही ठाऊक असणारच. त्या जरा थांबल्या, पांघरूण सारखं केलं आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "चला, ही झोपली. झोपलेल्या मुलांना मी सुई टोचत नाही." मी श्वाससुद्धा जपून घेतला. त्यांनी तो मोजला असेल का, असा प्रश्न आता पडतो. तसं असेल तर आकडा चुकला असणार. सकाळी दुसऱ्या सिस्टर आल्या आणि त्यांनी टोचलीच. म्हणजे रात्रीच्या सिस्टर खोटं बोलल्या नव्हत्या.

पुढे मीही काचेवर बोटं मिटून वॉर्डात फिरले. हे कोणी शिकवत नाही, एकीचं बघून दुसरी करते.

दिवा म्हटलं की फ्लॉरेन्स नाइटिंगेल आलीच. प्रत्येक नर्सिंग शाळेच्या भिंतीवर तिची तसबीर असते, हातात चोचीचा, अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतला वाटावा असा दिवा. प्रत्यक्षात तिच्या हाती होता तो तुर्की पद्धतीचा घडीचा कंदील. पण तसबिरीत चोचीचा दिवा शोभून दिसतो, त्याला काय करणार! मला त्या दिव्यापेक्षा तिचे आकडे जास्त आवडतात. क्रिमियन युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये, ती ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचली, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा आजारांनीच जास्त मरत होते. तुंबलेली गटारं, कोंदट हवा, घाण. परत आल्यावर तिनं ते मृत्यू कारणांनुसार वेगळे केले, महिन्यांनुसार मांडले, आणि १८५८ साली रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या पुढ्यात ठेवल्या. इंग्लंडच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली महिला सदस्य. म्हणजे आम्ही जिला ममतेची मूर्ती म्हणून हार घालतो, ती मुळात हिशेबाला पक्की, आणि बरीच चिडलेली बाई होती.

आणखी एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. युद्धावरून आल्यानंतर ती स्वतः आजारी पडली आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक वेळ अंथरुणावर काढली. लिखाण तिथूनच केलं. ९० वर्षं जगली. युद्धावरची तिची शुश्रूषा दोन वर्षांचीही नाही. पेशंट म्हणून ती त्याच्या कितीतरी पट राहिली. म्हणूनच की काय, पेशंटच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजणाऱ्यांवर तिचा भारी राग. मोठ्यानं बोला नाहीतर गप्प बसा. डोळे मिटून पडलेल्या माणसाला त्याच्याबद्दलची कुजबुज किती ऐकू येते, ते ज्यानं डोळे मिटून ऐकलंय त्यालाच माहीत.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं माणसं मरताना बघितलीस, काही वाटायचं नाही? वाटायचं. पण लक्षात राहतं ते भलतंच. एक काका होते. मेंदूत रक्तस्राव होऊन आले ते शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी कूस, उताणं, उजवी कूस, पुन्हा उताणं. गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. आणि प्रत्येक वेळी पाठ बघायची. कमरेच्या खाली, माकडहाडावर लालसरपणा दिसला तर तिथे बोट दाबून धरायचं आणि सोडायचं. त्वचा पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर समजायचं, आत बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, सुरू झाला. वरून फुटायचा आहे इतकंच. मग त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही, काहीही झालं तरी. कूस बदलताना आम्ही सांगायचो, "काका, आता डाव्या अंगावर हं." ते गेल्यावर अंग पुसतानाही मी सांगितलं, "काका, आता तोंड पुसते." हे ऐकून नवीन मुलींना हसू येतं. वर्षभरात त्याही बोलायला लागतात.

काका गेले तेव्हा त्यांची पाठ कोरी होती. एक ओरखडा नाही. नातेवाइकांनी डॉक्टरांचे आभार मानले, आमचेही मानले. पाठीबद्दल कोणी बोललं नाही. त्यांनी ती पाहिलीच नव्हती आणि पाहण्याजोगं तिथे काही नव्हतं. त्या रात्री घरी जाताना मी मात्र त्या पाठीवर खूश होते. हे सांगायला जरा विचित्र वाटतं. माणूस गेला आणि ही बाई पाठीवर खूश.

दर १२ मेला, नाइटिंगेलच्या वाढदिवशी, परिचारिका दिन साजरा होतो. गुलाब मिळतो, भाषण होतं, भाषणात 'देवदूत' हा शब्द येतो. मला तो कधीच आवडला नाही. देवदूताला लघवीला जायला सवड लागत नाही, त्याचे पाय सुजत नाहीत आणि त्याच्या बदलीला कोणी आलं नाही म्हणून त्याला सलग दोन पाळ्या कराव्या लागत नाहीत. २००२ साली नर्सिंगच्या संशोधक लिंडा ऐकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट जास्त आला, की ऑपरेशन झालेल्या पेशंटनं ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. एका पेशंटमागे ७ टक्के. नाइटिंगेलबाई असत्या तर त्याच्याही पाकळ्या काढल्या असत्या.

आम्हाला तो अभ्यास वाचावा लागला नाही. साधा हिशेब आहे. रात्री वॉर्डात चाळीस पेशंट आणि मी एकटी. प्रत्येकाचा श्वास मोजायला एक मिनिट, म्हणजे नुसत्या श्वासांची चाळीस मिनिटं. त्यात दोन सलाईन संपलेली, एकाची सुई निघालेली, एक जण खाटेवरून उतरून दाराकडे निघालेला, आणि फोन वाजतोय. टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा, चार्ट मात्र भरावाच लागतो. नाडी खरी असते, ताप खरा असतो. श्वासाच्या रकान्यात सगळ्यांपुढे २०. कुठल्याही गर्दीच्या वॉर्डातला चार्ट काढून बघा, अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेत असतो. तपासणारे डॉक्टर, मेट्रन, सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि कोणी काही म्हणत नाही. खरं तर माणूस आतून बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो. बीपी पडायला अजून वेळ असतो. त्या वीसांच्या रांगेत एखादा अठ्ठावीस असतो.

रात्रपाळीला आणखी एक जण द्या, असा अर्ज आम्ही दरवर्षी करायचो. आवक क्रमांक आणि शिक्का मारून त्याची पोच मिळायची. पोचा सगळ्या माझ्याकडे आहेत, फायलीत लावून ठेवल्यात. उत्तर अजून यायचंय.